त्या तक्रारीवर सही करू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तो पोरगा कम्युनियनला, ज्या भाकरीला आपण प्रभूचं शरीर मानतो तिला, बिस्किट म्हणतो आणि समोरचे खिदळतात, तिथे माझंही डोकं फिरलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी कम्युनियन घेऊन येतात, त्या दिवशी आई सकाळीच टीपॉयवर पांढरं कापड अंथरते, मेणबत्तीशेजारी काडेपेटी ठेवते आणि वाट बघत बसते. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून खुर्चीतच हात जोडून. त्या पोराला यातलं काही माहीत नाही. माहीत असतं तर कदाचित बोलला नसता. कदाचित बोललाही असता.

तरीही त्याच्याविरुद्ध पोलिसांत द्यायच्या त्या तक्रारीवर सही करू नका.

तुम्ही म्हणाल, पोप फ्रान्सिसच म्हणाले होते ना, माझ्या आईला कुणी शिवी दिली तर ठोसा खाईल! म्हणाले होते, जानेवारी 2015 मध्ये, श्रीलंकेहून मनिलाला जाताना विमानात, पॅरिसच्या 'शार्ली एब्दो' या व्यंग्य-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर. शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसाकडे बोट दाखवून. पण देवाच्या नावाने कुणाला मारणं हे विपरीत आहे, हेही त्यांनी त्याच बोलण्यात सांगितलं होतं. लोकांच्या लक्षात ठोसाच राहिला.

मुंबईतल्या इर्ल्याचा क्रूस आठवतो? 2012 साली वेलंकनी मातेच्या चर्चजवळ येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं आणि आईनेही छोट्या बाटलीत ते आणलं होतं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी येऊन सांगितलं, तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीत मुरून वर चढतंय. टीव्हीवर ते चर्चला नको तेवढं बोलले, हे खरं. पण आपल्या लोकांनी काय केलं? धार्मिक भावना दुखावल्याच्या कलम 295-अ खाली तक्रारी. अटकेच्या भीतीने ते फिनलंडला गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं असेल तर प्लंबर बोलावून दाखवता आलं असतं की!

आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. उद्या आपल्या प्रवचनातल्या 'एकच खरा देव' या शब्दांनी दुसऱ्या कुणाच्या भावना दुखावल्या, तर? शेजारी पाकिस्तानात आसिया बीबीला 2010 मध्ये ईशनिंदेसाठी फाशीची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटायला 2018 उजाडलं. ती आपल्यातलीच, ख्रिस्ती शेतमजूर बाई.

आणि आपण तरी गप्प होतो का? 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद रंगायचे. मिशनरी आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण हिंदू देवांबद्दल त्यांनी कधी हात राखून लिहिलं नाही. विष्णुबावांनी भर गर्दीत तोंडानेच उत्तर दिलं. त्या वादांचं पुस्तक निघालं, तेही जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच काढलं. मला तो सगळा काळ फार आवडतो.

बाबा, महायाजक कयफासमोर प्रभू येशूवर आरोप कुठला होता? देवनिंदेचाच. त्याच रात्री एका शिपायाने त्याला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की मी वाईट बोललो असेन तर काय ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? योहानाचा अठरावा अध्याय. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. त्या पोरालाही काय वाईट ते दाखवू या. राग गिळा असं मी म्हणत नाही.

मी शनिवारी येते. आपण त्याला पत्र लिहू, आणि पहिल्या शुक्रवारी घरी यायचं बोलावणंही त्यातच देऊ. आईची हरकत नसेल तरच. मजकूर तुम्ही सांगा, टाईप मी करीन. फक्त 'नालायक' हा शब्द पहिल्याच ओळीत नको. आणि आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना घेऊन येते.

तुमची लेक