कॅरम बॉलबद्दल सईला

साखळी, गोवा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कॅरम बॉल, म्हणजे मधल्या बोटाच्या टिचकीने टाकायचा चेंडू, जरूर शीक, पण ऑफस्पिन बाजूला ठेवून नको. तुझा ऑफब्रेक, उजव्या फलंदाजाच्या आत वळणारा तुझा नेहमीचा चेंडू, टप्प्यावर पडत असेल, तरच हा चेंडू कोणाला फसवेल.

चेंडू अंगठा आणि तर्जनीत धर. मधलं बोट दुमडून चेंडूच्या मागे टेकव, अनामिका आणि करंगळी मिटलेली. तळहात आणि चेंडू यांच्यात फट हवी. चेंडू तळव्याला टेकला की टिचकीतला जीव गेला. सोडताना मधल्या बोटाने टिचकी मार, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतेस तशीच. बरोबर बसली तर चेंडू टप्पा पडून उजव्या फलंदाजापासून बाहेर जाईल.

दादाच्या किटमधला चेंडू घेऊ नकोस. तो पुरुषांचा, 156 ते 163 ग्रॅमचा; तुमचा महिलांचा 140 ते 151. एवढ्या फरकानेही बोट लवकर थकतं, आणि थकलेलं बोट चुकीची सवय लावतं.

पाऊस आहे तोवर पडवीत टेनिस बॉलने पाच-सहा पावलांवरून नुसती टिचकी. चेंडूचा अर्धा भाग मार्करने रंगव, फिरकी दिसेल. मग अर्ध्या पिचवरून, शेवटी पूर्ण बावीस यार्ड. टिचकी लवकर बसली तर फुलटॉस, उशिरा बसली तर चेंडू मध्येच आपटतो. पण बहुतेकांचं बिघडतं ते दुसरीकडेच: सगळं लक्ष बोटाकडे जातं आणि हात मंदावतो. फलंदाजाला चेंडू ओळखायला तेवढं पुरतं. हात ऑफब्रेकच्याच वेगाने यायला हवा. जोर काढायला कोपराने झटका देऊ नकोस. 15 अंशांपलीकडे हात सरळ झाला तर नो-बॉल, शिवाय खांदा दुखेल तो वेगळाच.

मधल्या बोटाचं नख बारीक काप. आपल्या दमट हवेत बोटं घामेजतात, रुमाल कंबरेला असू दे. दव पडलेलं असेल त्या दिवशी हा चेंडू टाकूच नकोस, निसटतो.

श्रीलंकेच्या अजंता मेंडिसने याच चेंडूच्या जोरावर 2008 च्या आशिया कप फायनलला भारताचे 6 गडी 13 धावांत काढले. पुढे फलंदाज त्याची बोटं वाचायला शिकले आणि धार गेली. अश्विनचं मुख्य हत्यार मात्र ऑफब्रेकच राहिलं, म्हणून त्याचा कॅरम बॉल टिकला. तूही षटकात एकच टाक, तोही फलंदाज नुकतीच आली असेल तेव्हा. डावखुरीला हाच चेंडू आत येतो. तिला टाकताना मिडविकेटला, म्हणजे तिच्या पायांच्या बाजूला, क्षेत्ररक्षक आहे ना, ते आधी बघ.

तुझे बाबा