बाबा, ते गाण्याचं शेवटी ठेवलंय

पुणे, रविवार दुपार

ती. आई-बाबांस, सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "टीव्ही एवढा मोठा आणून दिलास, पण बघायचं काय त्यात?" मागे मालिकेतली सासू ओरडत होती आणि आई बाबांना सांगत होती, हळू बोला. म्हणून हे पत्र, बघायच्या सिनेमांचं. फोनवर नावं सांगितली की आई ती वाणसामानाच्या यादीमागे लिहिते आणि यादी दुकानातच राहते.

हे सिनेमे इंदूरच्या सपना-संगीता टॉकीजला लागल्याचं मला तरी आठवत नाही. बाबा विसाव्या मिनिटाला म्हणणार, "भिया, यात काही होतच नाहीये." होतं. सानंद संस्थेचं नाटक असलं की कसे तासभर आधी तयार होऊन बसता, तसे बसा. पोह्यांचे कांदे चिरता चिरता बघायचे हे सिनेमे नव्हेत.

आई, पहिला तुझ्यासाठी, 'किल्ला'. अविनाश अरुणचा, २०१४ चा. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, एवढीच गोष्ट. आई झालीय अमृता सुभाष. पोरं सायकलची शर्यत लावून किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळतो आणि हा एकटा मागे राहतो. तो पाऊस तुझ्या माहेरचा आहे, आपल्या इंदूरचा नाही. बर्लिनला मुलांच्याच परीक्षक मंडळाने याला बक्षीस दिलं, म्हणजे बघ.

मग 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला मोठा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवलेला. एका गटार कामगाराच्या मृत्यूला लोकशाहीराचं गाणं कारणीभूत, असा खटला. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही, तेव्हा टीव्ही अडकला समजून रिमोट आपटू नका. आपल्या प्लॉटच्या तारखांना बाबा जितकी वर्षं गेले, त्यांना तर कोर्टातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटेल. मला सगळ्यात आवडली ती सरकारी वकीलबाई, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात शाहिराला तुरुंगात घालायला निघालेली ही बाई संध्याकाळी लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. तिचा राग धरावा तर धरता येत नाही.

'एक हजाराची नोट'मध्ये उषा नाईक आहेत. खेड्यातल्या एकट्या म्हातारीला पुढाऱ्याच्या सभेत हजाराच्या नोटा मिळतात आणि तिथून तिच्यामागे शुक्लकाष्ठ लागतं. बघताना मला नोटबंदी आठवून हसू येत होतं. तांदळाच्या डब्यातून आईने एकेक नोट काढली होती आणि बाबांचा चेहरा! कन्नड 'तिथी'सुद्धा बघा. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो आणि अकराव्याच्या तयारीत त्याच्या मुला-नातवांचे रंग दिसतात. कामं गावातल्याच माणसांनी केलीयत. खालच्या ओळी मोठ्या अक्षरात करता येतात, मी आले की करून देईन.

'अस्तु' मात्र आत्ता नको. मोहन आगाशे विसरायला लागलेले संस्कृतचे पंडित झालेत आणि हत्तीच्या मागे चालत सुटतात. फार चांगला आहे. पण आजीला जाऊन दोनच वर्षं झालीत, आणि शेवटी शेवटी ती आईला स्वतःची बहीण समजून हाका मारायची ते मी विसरले नाहीये. पुढच्या वर्षी आपण तिघं मिळून बघू.

बाबा, आता तुमचा. 'द डिसायपल', २०२० चा, ताम्हाणेचाच, नेटफ्लिक्सवर आहे. बघून मला तीन वर्षं झाली आणि तुम्हाला मुद्दाम सांगितला नव्हता. शरद नावाचा मुलगा शास्त्रीय गाणं शिकतो. वडिलांना जे जमलं नाही ते याला करायचंय. गुरुजींचं दुखणंखुपणं बघतो, रियाज करतो, रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत गुरुजींच्या गुरू माईंची जुनी व्याख्यानं कानात ऐकतो. माई दिसत नाहीत, नुसता आवाज, आणि तो आहे सुमित्रा भाव्यांचा, 'अस्तु' काढणाऱ्या जोडीतल्या. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड, दोघं खरे गवई. त्यातलं घराणं गोष्टीपुरतं रचलेलं आहे, नाहीतर तुम्ही कपाटातली पुस्तकं काढून बसाल.

शरद बेसूर नाही. मेहनत आहे, निष्ठा आहे, आणि तरी गाणं हाताला लागत नाही. ते बघताना मला सारखे तुम्ही दिसत होतात. कुमार गंधर्वांना ऐकायला लॅम्ब्रेटावरून देवासला जाणारे तुम्ही मी पाहिलेले नाहीत, आईकडून ऐकलेत. मी पाहिलेत ते जेवणानंतर अमीर खाँसाहेबांचा मारवा लावून मांडीवर झुमरा ताल मोजणारे. संध्याकाळचा राग रात्री दहाला, म्हणून आई चिडवते तेव्हाही तुमची सम चुकत नाही. गाणं का सुटलं? आई म्हणते बँकेची बदली, आत्या दुसरंच सांगते. मी विचारत नाहीये.

मग आता का सांगितलं? दिवाळीत आले तेव्हा तानपुऱ्याची खोळ धुतलेली होती. आईला विचारलं तर म्हणाली, मी नाही बाई हात लावला.

आई, तू जवळ बस, पण मध्येच "हा अगदी तुमच्यासारखा" म्हणू नकोस. आणि शेवट काय ते मला आधी फोन करून विचारू नकोस, मी सांगणार नाही.

पासवर्ड कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे लिहून ठेवलाय. पहिला एस मोठा आहे, मागच्या वेळी तिथेच चुकत होतं.

तुमची,
मनू