मोती तलावाच्या पायऱ्यांवरच्या मंडळींचे आभार

दीड दिवसाच्या बाप्पांचं विसर्जन आटोपल्यावर, सावंतवाडीत मोती तलावाच्या पायऱ्यांवर भर पावसात निर्माल्य वेगळं करत बसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. काम भलतंच किचकट. हारातला नायलॉनचा दोरा ओढून काढायचा, माटवीच्या, म्हणजे बाप्पांवर टांगलेल्या लाकडी चौकटीच्या, फळांना गुंडाळलेली तार सोडवायची, थर्माकोल अन् चमकी बाजूला. उरलेली फुलं, दूर्वा, कवंडळांसारखी रानफळं तेवढी खतात. दोरा राहिला तर खत चाळताना चाळणीत गुंता होतो. आणि हे सगळं पाण्यातच गेलं असतं तर? कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरून वर येतात. शाडू विरघळते, प्लास्टरची मूर्ती तळाशी तशीच पडून राहते. ती बाहेर काढणाऱ्यांना तर दंडवतच! नाव सांगायला कोणी तयार नाही, म्हणून हे जाहीर. पाच दिवसांच्या विसर्जनाला हातमोजे आणि कात्र्या आमच्याकडून.