मटण सुटलं, चहातलं दूध सुटेना

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत वेगन, म्हणजे मांस-अंडी-दूध काहीच नसलेल्या, आहारावर लेख आला होता. आमच्या घरी तो तिघांनी वाचला आणि तिघांची तीन मतं झाली. लेख तसा चांगलाच होता, पण शेवटी एक ओळ होती की ख्रिस्ती वगैरे मांसाहारी समाजांनी आता तरी याचा विचार करावा. त्या 'वगैरे'साठी आणि त्या 'आता तरी'साठी हे पत्र लिहायला बसले आहे, लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून नोकरीसाठी इकडे आले आणि इकडलेच झाले, त्यामुळे घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी आणि भांडण दोन्हीत. साडेतीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मटण-मासे-अंडी आणि मग दूध-दही-तूपपण बंद झालं. सुरुवात सूनबाईने केली, तिला कुठेतरी व्हिडिओ बघून वासरांची दया आली. मला दया वगैरे नंतर आली, आधी ह्यांच्या शुगरची आणि कोलेस्ट्रॉलची भीती वाटली. ह्यांचं म्हणणं एवढंच की तुम्ही दोघी जे वाढाल ते मी खाईन, पण बाहेर काय खाल्लं ते विचारायचं नाही. असा तह झाला, तो आजही चालू आहे.

लोकांना वाटतं ख्रिस्ती माणसाला मटण सोडणं म्हणजे केवढी तपश्चर्या. खरं सांगू? महिनाभर उपासनेहून आलं की रविवारचं घर सुनं सुनं वाटलं, मग कच्च्या फणसाला आमच्या नगरच्या काळ्या मसाल्यात घातलं, सोयावड्या सुक्या केल्या, येसर आमटी तर आधीपासून बिनमटणाचीच, तिच्यात भाकरी कुस्करली की पोरंसुद्धा काही बोलत नाहीत. मटण सुटलं. सुटत नाही ते दूध. आणि इंदुरात दूध कुठे कुठे लपलंय ते वेगन झाल्याशिवाय कळत नाही हो! भुट्ट्याच्या (मक्याच्या कणसाच्या) किसात दूध, बाफला, म्हणजे आमची उकडून भाजलेली बाटी, तर तुपात बुडवल्याशिवाय ताटात येत नाही, सगळ्या जगात शिकंजी म्हणजे लिंबूपाणी आणि आमच्या इंदुरात ती आटवलेल्या दुधाची. जिलेबीच्या घोळातसुद्धा पुष्कळ जण दही घालतात. आमचा वाली एक पोहेच, ते बिचारे जन्मापासून वेगन आहेत, जिरावण मसाला घाला आणि खा.

पण त्यावरची सेवपण वेगनच आहे ना, आणि कचोरीपण, इथेच गाडी घसरते. पहिल्या सहा महिन्यांत माझं वजन चार किलो वाढलं कारण 'यात दूध नाही ना, मग चालतं' असं म्हणत मी संध्याकाळी वाटी भरभरून सेव खाल्ली. तुमच्या लेखात बदामाचं दूध आणि अव्होकाडो होतं, सेव-कचोरीबद्दल एक शब्द नव्हता, इंदूरच्या माणसासाठी लिहिलेल्या लेखात हे म्हणजे कमालच!

बदामाचं दूध आम्हाला परवडत नाही, दोन माणसांच्या पेन्शनमध्ये तर नाहीच. आणि गरज काय? माळव्यात राहतो आपण, सगळीकडे सोयाबीन. सोयाबीनवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था इथे आपल्या खंडवा रोडला आहे, आणि इथल्या सोयाबीनचं तेल काढून उरलेली पेंड जाते कुठे तर मुख्य करून कोंबड्यांना! म्हणजे कोंबडी आपल्यापेक्षा शहाणी. मी घरी दूध काढते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरंच. पाव किलो सोयाबीन रात्री भिजत घालायचं, सकाळी चोळून सालं काढायची, आणि मिक्सरला लावताना पाणी उकळतं घालायचं, गार पाण्यात वाटलं की तो कच्चट वास बसतो आणि मग काही केल्या जात नाही. गाळलं की चांगलं पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, हे टाळायचं नाही कारण कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं. आता चहा. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखं चहात घालून उकळलं, सगळं फाटून वर चोथा, ह्यांनी कप बघितला आणि न बोलता चप्पल घालून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. नंतर कळलं की चहा वेगळा उकळून गाळून घ्यायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग गरम दूध वरून ओतायचं, चहात दूध उकळायचंच नाही. आलं कमी. तरीसुद्धा खरं सांगते, तो आपला चहा नाही, वेगळं काहीतरी आहे, सवय होते.

आता जे सांगायचं ते जरा गंभीर आहे. दीड-दोन वर्षांनी माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री तळवे जड, जिना उतरताना पायरी नीट कळायची नाही. मी म्हटलं वय झालं. पोरीने जबरदस्तीने रक्त तपासलं तर बी-ट्वेल्व तळाला गेलेलं. इंजेक्शनं घ्यावी लागली, आता गोळी कायमची. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून भरवशाने मिळतच नाही. लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून वर्ष-दोन वर्षं काही कळत नाही आणि कळतं तेव्हा नसांवर परिणाम झालेला असतो. ह्यांना शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, त्या गोळीनेपण बी-ट्वेल्व कमी होतं, म्हणजे घरात दोघंही रांगेत. कुणाचा दोष नाही, माझाच, मी मोबाइलवर वाचून वेगन झाले आणि डॉक्टरला विचारलं नाही. तुमच्या लेखात ही गोष्ट एका वाक्यात उरकली होती, ती मोठ्या अक्षरात पाहिजे होती, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर सून असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच बंद करू नये.

आता चर्चची गोष्ट. आम्ही सोडलं हे मंडळीत कळलं तेव्हा दोन प्रकारची माणसं भेटली. एक प्रकार एकदम खूश, बायबलातल्या दानीएलचं उदाहरण तोंडावर तयार. दानीएलने राजाचं अन्न नाकारलं, दहा दिवस भाजीपाला आणि पाण्यावर राहिला आणि सगळ्यांपेक्षा तजेलदार दिसला. खरंय, पण पुढे दहाव्या अध्यायात वाचा ना, तीन आठवडे शोक करत होता म्हणून त्याने मांस आणि द्राक्षारस घेतला नाही असं लिहिलंय, म्हणजे एरवी घेत असणार! बायबलच्या उत्पत्ती ह्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळंच खायला देतो हेपण खरं, आणि जलप्रलयानंतर नोहाला प्राणी खायची परवानगी देतो हेपण त्याच पुस्तकात. अब्राहाम पाहुण्यांना वासरू शिजवून दही-दूध वाढतो, प्रभू येशू पुनरुत्थानानंतर शिष्यांसमोर भाजलेला मासा खातात. तेव्हा बायबल वेगन आहे असं मला कुणी सांगू नका. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात सांगितलंय की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, मला तेवढं पुरे आहे.

दुसरा प्रकार मला जास्त लागला. आमच्या एका वयस्कर आत्याबाई, सख्ख्या नाहीत पण सख्ख्यासारख्या, भगिनी मंडळाच्या सभेनंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय गं, आता बामणीण व्हायला निघालीस का?" मला हसू आलं आणि घरी आल्यावर रडू आलं. कारण त्या काही उगाच बोलल्या नव्हत्या. आमच्या पुष्कळ घरांच्या मागच्या पिढ्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं आणि त्यांच्या खाण्यावरून त्यांना कमी लेखलं होतं. त्यांनी प्रभूला स्वीकारलं तेव्हा एका ताटात जेवायला मिळालं, हीच तर सुवार्ता होती. आता त्याच ताटातलं मटण 'शुद्ध' नाही असं म्हणून कुणी बाजूला सारलं तर त्यांना ते जुनंच ऐकू येतं. आजही भाड्याने घर बघायला गेलं की नाव सांगायच्या आधी 'नॉनव्हेज खाते हो क्या' विचारतात, माझ्या धाकट्या भावाला ह्याच शहरात तीन घरं अशी गेली. मी वेगन असून मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची लाज वाटते, कारण 'नाही खात' म्हटलं की मला घर मिळेल आणि भावाला नाही.

ह्या बाबतीत मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत, त्यावरून त्यांची तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी झाली, सिस्टरना वाटायचं ही अजून ब्राह्मण जातीचा अभिमान धरून आहे. म्हणजे बघा, एकीने खात नाही म्हणून बोलणी ऐकली आणि इथे आमच्या माणसांनी खातात म्हणून शतकानुशतकं बोलणी ऐकली. ताट कुणाचंच स्वतःचं राहू देत नाहीत लोकं.

म्हणूनच मध्य प्रदेशात २०१५ साली अंगणवाडीत अंडी द्यायचा विचार नाकारला गेला तेव्हा मला राग आला होता आणि आज वेगन होऊनही तेवढाच येतो. मी अंडं सोडलं ते माझ्याकडे डाळ, दाणे, सोयाबीन आणि गोळी घ्यायला पैसे आहेत म्हणून. झाबुआच्या आदिवासी पोराचं अंडं माझ्या तत्त्वासाठी का बंद व्हावं?

आणि 'आता तरी' बद्दल. वेगन हा शब्दच १९४४ सालचा, इंग्लंडमधल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढलेला. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती त्याच्या कितीतरी आधीपासून वर्षातले निम्मेअधिक दिवस मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य करतात. लांब कशाला जाता, आमच्या शेजारी केरळच्या सीरियन ख्रिस्ती नर्सबाई राहतात, त्यांच्या घरी ईस्टरआधी पन्नास दिवस आणि नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपवास असतो, त्यात मांस, मासे, अंडं तर नाहीच, जुनी माणसं दूधही घेत नाहीत. नारळाच्या दुधातली भाजी मी त्यांच्याकडूनच शिकले. आमच्याकडे ते नाही कारण नगरला १८३१ मध्ये आलेले मिशनरी अमेरिकन, त्यांच्या परंपरेत ईस्टरआधीच्या लेंटचे असे उपवास नव्हते, मग आमच्या आजोबांना कोण शिकवणार. ॲडव्हेंटिस्ट पंथाची मंडळी तर दीडशे वर्षांपासून शाकाहार सांगताहेत, पुण्यातलं स्पायसर कॉलेज, आताचं विद्यापीठ, त्यांचंच. अमेरिका-कॅनडात त्यांच्याच शहाण्णव हजार लोकांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये त्यातल्या त्र्याहत्तर हजारांचे आकडे आले, मांस न खाणाऱ्यांचं किंवा क्वचितच खाणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण साधारण बारा टक्के कमी निघालं, पण अधूनमधून मासे खाणाऱ्यांचेही आकडे तितकेच चांगले होते हे सांगायला लोक विसरतात. आमचे हे विसरत नाहीत, त्यांनी ते वाक्य पाठ केलंय.

गेल्या नाताळात फराळ मी सगळा तेलाच्या मोहनाचा केला, करंज्या, शंकरपाळे, चकल्या. करंजीला मोहन कडकडीत घातलं तर तुपाची आठवण येत नाही, अनारशांना मात्र येते. केक पिकलेली केळी कुस्करून केला, तो जरा दडस झाला. आत्याबाईंनी दोन करंज्या खाल्ल्या, तिसरी पदरात बांधून नेली, बोलल्या काही नाहीत.

आता पुढच्या महिन्यात चर्चचं प्रीतिभोजन आहे. मी पाळक साहेबांना एवढंच म्हटलं की मटणाचं पातेलं जिथे आहे तिथेच राहू द्या, त्याच्या शेजारी एक दुसरं पातेलं ठेवा ज्यात दूध-तूप-मांस काही नाही, पाटी लावायची नाही, वेगळी रांग नाही, ज्याला पाहिजे त्याने कुठलंही घ्यावं, दोन्ही घ्यावं. शुगरवाले, बीपीवाले मंडळीत निम्मे आहेत, ते आपोआप तिकडे हात घालतील. साहेब हो म्हणाले आणि लगेच म्हणाले की मग दुसरं पातेलं तुम्हीच करा, दीडशे माणसांचं. झालं!

मेनू येसर आमटी, भात आणि दाण्याच्या दह्याची कढी असा ठरवलाय. दाणे सियागंज बाजारातून आणणार. भाजके नाही, कच्चे भिजवून वाटायचे, दूध काढून गरम करायचं, कोमट झालं की हिरव्या मिरचीची देठं टाकून रात्रभर ठेवायचं, छान लागतं विरजण. पण मी आजवर अर्ध्या लिटरच्या वर कधी लावलेलं नाही, अर्ध्या लिटरला पाच-सहा देठं टाकते. पंधरा लिटरला किती टाकायची, आणि थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळलं तर पुरेल का, हे तुमच्या कुणा वाचकाने केलं असेल तर कृपया ह्या सदरात लवकर लिहावं, माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

आपली,
एक ख्रिस्ती गृहिणी, इंदूर