स्टॅन्लेची गाडी पाण्यावर चालत नव्हती, पाण्यापायी अडली

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या स्टॅन्ले बंधूंच्या वाफेच्या मोटारीवर लेख आला आहे. पाण्यावर चालणारी गाडी तेल कंपन्यांनी दडपली, शिवाय लोकांना बॉयलर फुटण्याची धास्ती होती, असा त्याचा सूर. साखर कारखान्याच्या बॉयलरवर काम करणाऱ्यांना यातले एकही कारण पटणार नाही.

ही गाडी आधी पेट्रोल आणि पुढे रॉकेल जाळत असे. पाण्याची फक्त वाफ व्हायची. फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ले हे जुळे भाऊ मूळचे फोटोच्या काचा बनवणारे. १८९७ मध्ये त्यांची पहिली गाडी धावली. १८९९ मध्ये त्यांनी तिचे हक्क अडीच लाख डॉलरना विकले आणि १९०२ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन गावी स्वतःच्या नावाने पुन्हा कारखाना चालवला. तो १९२४ मध्ये बंद पडला.

बॉयलरचे म्हणाल तर दाब चौरस इंचाला ६०० पौंडांपर्यंत, म्हणजे आपल्या भाषेत चौरस सेंटिमीटरला ४२ किलो. आपल्याकडचे जुने साखर कारखाने याहून कमी दाबावर चालले आहेत. २० अश्वशक्तीच्या गाडीचा बॉयलर जेमतेम २३ इंच व्यासाचा, उभा, आत अर्ध्या इंचाच्या साडेसातशे नळ्या. शेलवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, पियानोच्या तारेचे थर गुंडाळलेले. पाणी संपले तर आधी फ्युझिबल प्लग, म्हणजे जास्त तापताच वितळणारे सुरक्षा बूच, वितळायचा. तरीही चालवणारा शुद्धीवर आला नाही, तर नळ्यांची टोके सैल होऊन गळू लागायची आणि दाब उतरायचा. बॉयलर निकामी व्हायचा, पण चालत्या स्टॅन्लेचा बॉयलर फुटल्याची नोंद नाही. (म्हणून कुणी बॉयलरशी सलगी करू नये.)

खरी अडचण फीडवॉटरची, म्हणजे बॉयलरला पुरवायच्या पाण्याची. १९१४ पर्यंतच्या गाड्या वापरलेली वाफ सरळ हवेत सोडत. मैलाला साधारण एक अमेरिकन गॅलन, म्हणजे किलोमीटरला सुमारे २.३५ लिटर पाणी लागे. तीस-चाळीस मैलांवर टाकी रिकामी. मग रस्त्याकडेच्या घोड्यांच्या हौदात पाइप टाकायचा आणि वाफेच्याच जोरावर पाणी ओढून घ्यायचे. १९१४ मध्ये तिकडे जनावरांत लाळ्या-खुरकूताची साथ आली. घोड्याला हा रोग होत नाही, पण त्याच हौदांवर गुरेही पाणी पीत, म्हणून हौद बंद झाले आणि या गाड्यांची पंचाईत झाली.

तेच पाणी आपल्या बोअरचे असते तर? पिण्याच्या पाण्यात दुसरा स्रोत नसताना चालवून घेतला जाणारा कठीणपणा, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ६०० मिलिग्रॅम. तेवढाच धरला तरी १,००० किलोमीटरमागे सुमारे १.४ किलो क्षार बॉयलरमध्ये जातात. ब्लोडाऊन करून, म्हणजे बॉयलरमधले थोडे पाणी सोडून देऊन, त्यातले काही बाहेर काढता येतात, बाकीचे नळ्यांवर बसतात. दोन नळ्यांमध्ये करंगळी शिरत नाही, तिथे खरवडणार कोण आणि कशाने? थर बसला की नळीची उष्णता पाण्याला पोहोचत नाही, इंधन वाढते आणि नळी तापून टोकाला गळते. आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येतात, पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचा फोटो मात्र कुणी काढत नाही.

१९१५ च्या गाड्यांना कंडेन्सर बसला. वाफेचे पुन्हा पाणी होऊ लागले, टाकी लांबवर पुरू लागली. पण सिलिंडरला द्यावे लागणारे तेल वाफेबरोबर आधी बाहेर जात होते, ते आता पाण्यात मिसळून बॉयलरमध्ये परत येऊ लागले. नळीवरचा तेलाचा पातळ थरही क्षारासारखाच उष्णता अडवतो. कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफ थंड होऊन बॉयलरला परत जाणाऱ्या पाण्यात, साखर उतरली की साखर कारखान्यात जी धावपळ होते, त्याच जातीचे हे दुखणे. आपल्याकडे साखर ओळखण्यासाठी अल्फा-नॅप्थॉल हे रसायन टाकून जांभळी कडी दिसते का ते तपासतात आणि दिसली की ते पाणी तोडतात. रस्त्यावर एकट्या गाडीवाल्याने तेल कसे शोधायचे?

चालवणेही सोपे नव्हते. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, हे खरेच सुख. पण सकाळी आधी पाण्याची पातळी बघा, इंधनाच्या टाकीत पंपाने दाब भरा, पायलट म्हणजे छोटा बर्नर टॉर्चच्या ज्योतीने तापवा, मग मुख्य बर्नर लावा. वाफ तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटे. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी साचते आणि पाणी दाबले जात नाही, म्हणून गाडी आधी हळूहळू मागे-पुढे करून ते काढावे लागे. घाई केली तर सिलिंडरचे झाकण तडकायची भीती. फीडपंप इंजिनवरच चालत असल्याने लांब चढावर वाफ जास्त लागे, पंपाचे फेरे मात्र तेवढेच. अशा वेळी पातळीकडे डोळ्यांत तेल घालून बघावे लागे.

१९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला आणि पेट्रोल गाडीचा हँडल मारण्याचा त्रास संपला. १९२४ मध्ये स्टॅन्लेची बंदिस्त (सेदान) गाडी जवळपास ३,९५० डॉलरला होती, फोर्डची मॉडेल टी ५०० डॉलरच्या आत. तेल कंपन्यांना दडपायला काही शिल्लकच नव्हते. त्यात ही गाडी त्यांचेच तेल जाळणारी!

एक दुरुस्ती आणखी. फ्रेड मॅरियटने २६ जानेवारी १९०६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचवर स्टॅन्लेच्या रेसिंग गाडीतून गाठलेला वेग लेखात ताशी १२७ किलोमीटर दिला आहे. तो १२७.६६ मैल, म्हणजे सुमारे २०५ किलोमीटर. वाफेच्या गाडीचा हा विक्रम २००९ पर्यंत टिकला.

आपले,
बॉयलर व वॉटर ट्रीटमेंट विभागातील काही कर्मचारी,
जि. धाराशिव