जुळाऱ्याच्या लेकीस

गिरगाव, मुंबई

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवता जेवता दोनदा ताटावरून उठलीस. दोन्ही फोन सीनियर डिझाइन इंजिनिअरच्या त्याच जागेसाठी. दोन महिने झाले, मनासारखं माणूस मिळत नाही म्हणालीस. तू गेल्यावर मी तुझं ॲप उघडून बसलो.

मराठीत प्रश्न विचारला. उत्तर तुकड्यातुकड्यानं उमटत होतं. ‘क्षमा’ लिहिताना आधी पाय मोडका क् दिसला, क्षणभर तसाच लोंबला, मग त्याचा क्ष झाला. प्रत्येक जोडाक्षरापाशी ओळ हलत होती. खाली ‘पूर्ती’ लिहिलेलं बटण होतं, त्यातली वेलांटी आणि रफार वरून छाटलेले. इंग्रजी अक्षरांच्या मापानं ओळीची उंची ठरवली की आपल्या अक्षरांचं हे असंच होतं.

तुझ्याकडे चित्र काढणारे वेगळे आणि कोड लिहिणारे वेगळे. चित्रात ‘पूर्ती’ नीट असेल, कोडही चालत असेल, पण मधली वेलांटी कुणाचीच नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतणं आणि छापणं एकाच घरातलं होतं. खिळा चुकला तर छापणारा उठून ओतणाऱ्याकडे जायचा. तू शोधतेस ते माणूस म्हणजे ही दोन्ही कामं करणारा एकच हात.

म्हणून पोर्टफोलिओ बघ, पण त्यावर निर्णय घेऊ नकोस. बोलाव, लॅपटॉप पुढे ठेव आणि हाच मोडका क् दाखव. अर्धं अक्षर पडद्यावर येऊच नये म्हणून काय करशील, विचार. उत्तर मध्येच तुटलं, किंवा ते चुकीचं आहे असं वाचणाऱ्याला वाटलं, तर पडद्यावर काय दिसेल, तेही करून दाखवायला सांग. मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टाइप करायला दे. एक समुद्र, एक डोंगरातल्या. मराठी येत नसलं तरी चालेल. पण या दोन ‘र’मध्ये फरक का, असं ज्याला विचारावंसं वाटेल, त्याला सोडू नकोस. आणि नुसतं बंगळुरूकडे बघू नकोस. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तुझ्या ऑफिसजवळच, पवईच्या आयआयटीत, अक्षरांचं काम शिकवलं. ते वळण गिरवणारी माणसं मुंबईत आहेत.

एक मात्र मनापासून सांगतो. त्या दिवसाच्या कामाचे पैसे दे. १९७४ साली मी एका छापखान्यात कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, जागेसाठी गेलो होतो. तीन दिवस चाचणी म्हणून माझ्याकडून फॉर्म, म्हणजे छापायची पानं, जुळवून घेतले. चौथ्या दिवशी दारावरच्या माणसानं जागा भरली म्हणून सांगितलं. माझे तेच फॉर्म छापले गेले. मला ना पैसे मिळाले, ना माझं काय चुकलं ते कुणी सांगितलं. परत येताना ट्रामच्या जुन्या रस्त्यानं चालत आलो, बसचे पैसे वाचवायला. पन्नास वर्षं झाली, अजून ती दुपार आठवते. तुझ्या दारातून कुणी तसं जाऊ नये. नकार द्यायचा तर दोन ओळी तू स्वतः लिही, आणि काय कमी पडलं तेही लिही.

‘पूर्ती’चं बटण मात्र नव्या माणसाची वाट न बघता आजच दुरुस्त करून घे.

तुझे,
बाबा