सूचना : शनिवारी सेलमला, विलामेट विद्यापीठ

मंडळी, आठवण. शनिवारी दुपारी साडेतीनला वॉलर हॉलसमोर जमायचंय. पत्ता शोधत बसू नका, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, दिसलं की रस्त्याच्या पलीकडे तेच.

मेथडिस्ट मिशनऱ्यांनी 1842 साली शाळा म्हणून हे रोपटं लावलं. तेव्हा ऑरेगन राज्यही नव्हतं, ते झालं 1859 ला! वॉलर हॉल 1867 चा, विटा तिथल्याच मातीच्या. दोनदा आग लागूनही उभा आहे. हात लावून बघा.

आवारातून मिल स्ट्रीम नावाचा ओढा वाहतो. वाढदिवस असला की मित्रमंडळी उचलून त्यात टाकतात, ही इथली जुनी रीत. आपल्यात शनिवारी कुणाचा असेल तर गप्प राहिलेलं बरं.

खरं बघायचंय ते मात्र अंधार पडल्यावर. शताब्दीला, 1942 साली, विद्यापीठाने सिक्वोयाची, म्हणजे खूप उंच वाढणारी, पाच झाडं लावली. मधोमध उभं राहून मान वर केली की शेंड्यांमधलं आभाळ चांदणीसारखं दिसतं, म्हणून नाव स्टार ट्रीज. डिसेंबरात त्यांवर दिवे असतात.

पाऊस असणारच. रेनकोट आणा, छत्रीत मान वर करता येत नाही. चहाचा थर्मास मी आणतेय, कप आपापले. गाडीत जागा असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत इथेच कळवा.